मध्यंतरानंतर प्रेक्षक हसतात, तेव्हा पटकथेत काय चुकलेलं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्धा जिल्ह्यातलं एक गाव, कृषी केंद्राचा मालक, लग्न झालेला, एक शाळकरी मुलगी. दर बुधवारी बायांच्या गटाचे हप्ते घ्यायला येणारी फायनान्सची मॅडम. दोघांचं जुळतं, मग तो मागे सरतो आणि ती सोडत नाही. पटकथा 110 पानांची. वाचनाला पहिला भाग सगळ्यांनी मन लावून ऐकला. मध्यंतरानंतर ती बकरी मारते, रात्री खिडकीत उभी राहते, मोकळ्या केसांनी शेतात हिंडते, आणि नेमकं तिथं लोक हसू लागले. म्हणून तुम्ही विचारताय की तिला आणखी भयानक कशी करायची.

करू नका. ती पुरेशी भयानक नाही म्हणून लोक हसले नाहीत. तिला जे करायला लावलंय ते गावात कोणी करूच शकत नाही, हे ऐकणाऱ्याला आतून ठाऊक आहे. गावात रात्री बाई खिडकीशी उभी राहिली तर आधी कुत्री उठतील, मग शेजारची म्हातारी खाटेवरून ओरडेल, ‘कोन आहे वं?’ तिथंच प्रसंग संपला. शहरातल्या थ्रिलरमध्ये भीती येते ती जिथं असायला नको तिथं माणूस दिसल्याने. गावात कोणीही कुठंही दिसू शकतं. त्यामुळे इथं भीती उलट बाजूने आणावी लागते. ती दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, रास्त कारण घेऊन आली पाहिजे, आणि नायकाच्या बायकोने तिला चहा दिला पाहिजे.

या प्रकारच्या कथेचं इंजिन दोन गोष्टींवर चालतं. नायक कोणालाही सांगू शकत नाही, ही पहिली. दुसरी, समोरच्याच्या हातात जे हत्यार आहे ते नायकाने स्वतःच दिलेलं असतं. मी अशी पटकथा तपासताना प्रत्येक धोक्याच्या प्रसंगापुढे एकच प्रश्न लिहितो: ‘हे तिला कोणी दिलं?’ उत्तर ‘नायकाने, अमुक पानावर’ असं आलं तर प्रसंग राहतो. ‘ती वेडी आहे म्हणून’ असं आलं तर जातो. या चाळणीत तुमची बकरीही जाईल आणि खिडकीही.

आता गंमत बघा, तुम्ही मॅडमला फायनान्समध्ये ठेवलंय आणि तो धंदा वापरलाच नाही. तिच्याकडे बायकोच्या आधारची प्रत आहे, घराचा फोटो आहे, फोन नंबर आहे, नवऱ्याची सही आहे, घरात किती माणसं आणि किती उत्पन्न याचा फॉर्म आहे. हे सगळं तिने कायदेशीर मार्गाने, घरात बसून, लोन कार्ड भरताना घेतलेलं आहे. पाळत ठेवण्याची गरजच नाही, फाईल तिच्या बॅगेत आहे.

इथं एक भोक आधी बुजवा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं विनातारण कर्ज वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरालाच मिळतं. कृषी केंद्राच्या मालकाचं घर त्यात बसवायला फॉर्म खोटा भरावा लागेल, आणि गावातला प्रेक्षक ‘याच्या बायकोले कायले गटाचं कर्ज लागते?’ असं विचारेल. नायकाला मालक नका ठेवू, कृषी केंद्रात कामाला ठेवा, घरची तीन एकर कोरडवाहू आणि विहिरीवर थोडं ओलीत. मालक वेगळा झाला की तुम्हाला नायकावर नजर ठेवणारा आणखी एक माणूस फुकटात मिळतो.

त्याच नियमांत तुमचं मध्यंतर पडलेलं आहे. हप्ता घ्यायचा तो कर्जदार आणि कंपनीने मिळून ठरवलेल्या जागी, म्हणजे गटाच्या मीटिंगमध्ये. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही. पण कर्जदार ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आला नाही, तर वसुलीचा माणूस घरी जाऊ शकतो. आता नायकाचा विचार करा. त्याने संबंध तोडलाय आणि बायको-मॅडमची गाठ पडू नये असं त्याला वाटतं. म्हणून एका बुधवारी तो बायकोला माहेरी पाठवतो. दुसऱ्या बुधवारी ‘हप्ता मी पाहून घेतो’ म्हणून घरीच ठेवतो. हप्ता भरायचा तर मॅडमसमोर जावं लागेल, म्हणून तोही जात नाही. दोन बुधवार हुकले. तिसऱ्या दिवशी मॅडम ओट्यावर हजर, नियमाने. दार त्यानेच उघडून दिलं.

हा प्रसंग कसा लिहायचा ते जरा जवळून बघू, कारण सगळा सिनेमा यावर तोलला आहे. वेळ सकाळी दहाची. बायको तुरी पाखडते आहे. मॅडम गाडी लावते, चपला बाहेर काढते, न सांगता मोरीकडे जाऊन पाय धुते. मोरी कुठंय हे तिने विचारलं नाही. बायकोच्या ते ध्यानात येत नाही, प्रेक्षकाच्या येतं. संवाद एवढाच:

‘दोन बुधवार झाले वहिनी, आल्या नाही तुम्ही. म्हटलं आपनच जाऊन येऊ.’

‘मी येतच होती बाई. यायनंच म्हटलं, राहू दे.’

बस्स. दुसऱ्या ओळीने मॅडमला कळलं की तो घाबरलाय. कोणी धमकी दिली नाही, आवाज चढला नाही. नायक आतल्या खोलीत असेल तर उत्तम, पण त्याला खिळून ऐकताना दाखवायचा मोह टाळा. कॅमेरा सुपावर आणि मॅडमच्या ओल्या पायांवर ठेवा. वाचनाला इथं कोणी हसणार नाही.

याच पद्धतीने बुधवारची मीटिंग तुमच्या पटकथेचा कणा करा. एकच जागा, समाजमंदिराची तीच सतरंजी, त्याच बाया, आणि सिनेमाभर ती मीटिंग सहा-सात वेळा यावी. दर वेळी एकच गोष्ट बदलावी. कधी मॅडम बायकोला ‘ताई’ऐवजी ‘वहिनी’ म्हणू लागते. कधी बायकोचं नाव हजेरीत शेवटी घेते. कधी एकीचा हप्ता अडला म्हणून बाकीच्यांना बसवून ठेवते आणि बाया बायकोकडे रागाने पाहतात, कारण कर्ज संयुक्त जबाबदारीचं आहे. प्रेक्षकाला आठवडा मोजायची सवय लागली की ‘उद्या बुधवार’ एवढं वाक्यही पुरतं.

दुसरं हत्यार दुकानात ठेवलेलं आहे: काउंटरवरचा पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा. नायकाने तिला ब्लॉक केलंय, फोन लागत नाही, दुकानात ती येत नाही. पण क्यूआर कोडचा फोटो तिच्याकडे आहे आणि तो फोटो वापरून कुठूनही पैसे टाकता येतात. दुकान शेतकऱ्यांनी भरलेलं, फवारणीचे दिवस, आणि डबा बोलतो, ‘एक रुपया मिळाला.’ कोणी लक्ष देत नाही. थोड्या वेळाने परत, ‘एक रुपया मिळाला.’ नायकाच्या हातातलं बिल थांबतं. दुसऱ्या दिवशी डबा म्हणतो, ‘सातशे वीस रुपये मिळाले’, आणि बायकोचा हप्ता नेमका सातशे वीस आहे. (हप्त्याचा आकडा आधी दोन वेळा मीटिंगमध्ये ऐकवून ठेवा, नाहीतर हा प्रसंग वाया जाईल.) एक मात्र विसरू नका. डबा नाव सांगत नाही, पण मालकाच्या मोबाईलवर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. रात्री हिशेब जुळवताना मालक विचारेल, ‘हे मॅडमचे सातशे वीस कायचे बे?’ तिथून नायकाचं दुसरं खोटं सुरू होतं.

खोट्यांबद्दल. त्याने रात्री बाहेर पडायला तुम्ही ‘मित्राकडे जातो’ वापरलंय. शेतकऱ्याच्या घरात ते टिकणार नाही. त्याच्याकडे तयार कारण आहे: शेतीपंपाची थ्री-फेज लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते, त्यामुळे ‘रात्रीची लाईन आहे, ओलिताले जातो’ याला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत तर अजिबात नाही. आणि हे खोटं मोडायची सोयही तयार आहे. बायको काळजीपोटी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा अर्ज भरते, कारण रात्री साप-किरड्याचं भ्या. पंप मंजूर होतो, शेतात पॅनल उभे राहतात, आणि आता ओलीत दिवसाच होणार. बायको आनंदात आहे आणि नवऱ्याचा चेहरा पडलाय. तिला संशय येण्याची ही पहिली जागा असू शकते. पोलिस, गुप्तहेर, अंगठीवरचा केस यांची गरज नाही.

कायद्याच्या बाजूने तुमच्या पटकथेत दोन ठळक चुका आहेत. ठाणेदार ‘497 लावतो’ म्हणतो, म्हणजे जुन्या दंडविधानातलं व्यभिचाराचं कलम. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी ते कलम रद्द केलं, आणि आधीही ते फक्त दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर लागायचं. तुमची मॅडम अविवाहित आहे, म्हणजे तेव्हाही लागलं नसतं. घटस्फोटासाठी मात्र व्यभिचार हे कारण आजही आहे. दुसरी चूक, मॅडमवर ‘पाठलागाचा गुन्हा’. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलाग धरतं, उलटं नाही. तिच्यावर धमकीचं कलम 351 लागू शकेल. पण नायक ठाण्यात जात नाही त्याचं खरं कारण वेगळं ठेवा. त्याने तिला ‘बायकोले सोडतो, तुह्याशी लग्न करतो’ असं म्हटलं असेल आणि तसा त्याचा इरादा नसेल, तर कलम 69 त्याच्याकडे वळू शकतं, शिक्षा 10 वर्षांपर्यंत. तिला तो विवाहित आहे हे माहीत असल्याने न्यायालय काय म्हणेल ते प्रकरणावर अवलंबून राहील, आणि सिनेमाला त्याचा निकाल लागत नाही. ठाण्याच्या पायरीवरून तो परत फिरतो एवढं पुरे. हे संवाद लिहिल्यावर फौजदारी वकिलाला एकदा दाखवा.

तिचं मन कसं रंगवायचं, यावर थोडं. ती स्वतःला वेडी समजत नाही. तिच्या हिशेबात तो तिचं काही तरी देणं लागतो आणि ती वसुली करते आहे. तिचा पेशाच तो असल्यामुळे भाषा तिच्या तोंडात बसलेली आहे. प्रत्येक पायरीवर तिच्याकडे एक शहाणं वाटणारं वाक्य हवं. पहिली पायरी फोन, दुसरी घर, तिसरी मुलगी. मुलीला शाळेतून गाडीवर आणून सोडणं, इतकंच. मुलीच्या हातात चॉकलेट आणि बायको म्हणते, ‘बरं झालं मॅडम, ऊन किती होतं.’ पायऱ्या मिनिटांत मांडायच्या तर 110 पानांच्या, साधारण पावणेदोन तासांच्या सिनेमात संबंध पंधराव्या मिनिटाच्या आत सुरू व्हावा, तो चाळिसाव्याला तोडावा, ओट्यावरचा प्रसंग मध्यंतराच्या अगदी आधी यावा, आणि बायकोला पक्कं कळावं ते पंचाहत्तर ते ऐंशीच्या दरम्यान. तुमच्याकडे तिला शेवटच्या दहा मिनिटांत कळतं, त्यामुळे मधली तीस मिनिटं ती नुसती पोळ्या करते.

कीटकनाशकाची बाटली. पान 88 वर मॅडम ती हातात घेऊन उभी राहते आणि तुम्ही तिथं संगीत चढवलंय. ते काढा. आपल्या भागातल्या प्रेक्षकांत असे कितीतरी जण बसलेले असतात ज्यांच्या घरात त्या बाटलीने माणूस गेलाय. त्यांना तिथं थरार वाटत नाही, ते सिनेमातून बाहेर पडतात. कृषी केंद्र आहे म्हणून शेल्फवर बाटल्या दिसतीलच, तेवढं दिसणं पुरे.

बोलीबद्दल. वऱ्हाडी ऐकली की हसायचं, ही सवय इतकी वर्षं विनोदी पात्रांनी लावलेली आहे, त्यामुळे वाचनातल्या हशाचा थोडा वाटा त्याचाही असेल. उपाय म्हणजे बोली काढून प्रमाण मराठी घालणं नव्हे. वाक्यं तोडा. ‘काहून बे’, ‘बाप्पा’, ‘मायबाई’ असे टाळीचे शब्द धोक्याच्या प्रसंगातून काढा, आणि ‘मले’, ‘तुले’, ‘करून राह्यला’ हे क्रियापदांचं हाड तसंच ठेवा. मॅडम बाहेरून आलेली असेल तर ती सुरुवातीला प्रमाण बोलेल, आणि नायकाच्या घरात शिरत जाईल तशी त्याच्या बायकोसारखी बोलू लागेल. नटीला हे अवघड जाईल, पण जमलं तर अंगावर येईल.

आता चित्रीकरण. तुम्ही मे महिना म्हणताय, कारण सगळ्यांना सुट्टी. मे मध्ये वर्धेत पारा 45 च्या आसपास, दुपारी बारा ते चार युनिट बसून राहील आणि टिनाच्या घरात पत्रा तापून कडकड वाजेल, सिंक साउंड, म्हणजे जागेवरच संवाद रेकॉर्ड करणं, विसरा. शिवाय शेत मोकळं. त्यापेक्षा पिकांकडे बघून दोन टप्पे करा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तूर डोक्याएवढी असते, पऱ्हाटी (कपाशी) उभी, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. पहिला भाग तेव्हा. फेब्रुवारीच्या शेवटी उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झालेली, तूर सोंगलेली, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या, चार शेतं पलीकडची गाडीही दिसते. दुसरा भाग तेव्हा. आधी लपायला जागा होती, आता नाही. हे सांगायला संवाद लागणार नाही. खर्च वाढतो हे खरं, नटांच्या दाढी-केसांचं सातत्य सांभाळावं लागतं, आणि मधल्या काळात कोणी लग्नासाठी घर रंगवून काढलं तर डोक्याला हात, म्हणून घरमालकाशी आधी लिहून घ्या. एकच टप्पा परवडत असेल तर फेब्रुवारी घ्या आणि पहिला भाग घर, दुकान, समाजमंदिर यांत बसवा.

नटांसाठी झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटक मंडळ्यांकडे, बघताय ते योग्य, पण तारखा तपासा. वडसा-देसाईगंजच्या मंडळींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालतो, रात्रभर प्रयोग आणि दिवसा प्रवास. तुमचे दोन्ही टप्पे नेमके त्यात येतात. मुख्य भूमिका नागपूर, वर्धा, अमरावतीच्या हौशी रंगभूमीवरून भरा आणि झाडीपट्टीच्या कलावंतांना एक-दोन दिवसांची कामं द्या. मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते, म्हणून त्यांच्याबरोबर आधी कॅमेऱ्यासमोर एक दिवस बसा, आवाज आपोआप खाली येतो.

रात्रीच्या घरातल्या दृश्यांना एलईडी बल्ब वापरणार असाल तर 24 फ्रेमला शटर 172.8 अंश ठेवा, किंवा 25 फ्रेमला 180. नाहीतर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर पट्टे दिसतील. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडतं, म्हणून मुख्य उजेड बॅटरीवर घ्या आणि घरचा बल्ब नुसता दिसण्यापुरता. प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, पण भोंग्यावर भजन सुरू व्हायच्या आधी.

सेन्सॉरच्या कामाचं दोनच मिनिटांत. नायक खर्रा घोटताना दाखवलाय. तोही तंबाखूच, म्हणजे सुरुवातीला आणि मध्ये किमान 30 सेकंदांची आरोग्य-सूचना, 20 सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन आणि त्या दृश्यात खाली इशारा. कथेला गरज नसेल तर खर्रा काढा, तणावाच्या दृश्यात खालची पट्टी फार बोचते. बकरी ठेवलीच, नुसती बांधलेलीसुद्धा, तर पशु कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागेल. आता यूए मध्ये 7, 13 आणि 16 अशा पायऱ्या आहेत. तुमचा विषय हात सांभाळून केला तर 16 मध्ये बसायला हरकत नाही, आणि ‘ए’ पेक्षा ते बरं, कारण ‘ए’चा सिनेमा तसाच टीव्हीवर दाखवता येत नाही.

शेवट. तुम्ही विहिरीत ढकलण्यापर्यंत नेलाय. या प्रकारातला सगळ्यात गाजलेला सिनेमा, 1987 चा ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’, आधी वेगळा संपत होता: ती स्वतःचा जीव घेते आणि चाकूवर नायकाचे ठसे असल्याने तो अडकतो. चाचणी खेळांना प्रेक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून बायको तिला गोळी घालते असा शेवट नव्याने चित्रित केला. तो चालला, धंदाही भरपूर झाला, पण त्या बदलाने नायक सुटला आणि सगळं पाप तिच्या एकटीच्या माथी गेलं. निर्माता तुम्हाला तिकडेच ढकलेल, ते त्याच्या दृष्टीने चूकही नाही. माझं मत मागाल तर शेवट बायकोच्या हातात द्या, पण हत्यार देऊ नका. कर्जाचा शेवटचा बुधवार, गट बसलेला, मॅडम कार्ड पुढे करते, आणि बायको सातशे वीस मोजून देताना सगळ्या बायांसमोर तो प्रश्न विचारते जो नायकाने सिनेमाभर कोणाला विचारू दिला नाही. प्रश्न कोणता, ते तुम्हीच शोधा. तो सापडेपर्यंत विहिरीचं पान फाडू नका, निर्मात्याला दाखवायला लागेल.

लिहायला बसाल तेव्हा पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी सातही बुधवार सलग लिहून काढा, मग ओट्याचा प्रसंग, मग दुकानातला डबा. एवढी तीसेक पानं झाली की ती गटातल्याच चार बायांना वाचून दाखवा, सिनेमावाल्यांना नको. त्या कुठं हसतात यापेक्षा कुठं एकमेकींकडे बघतात, ते समासात लिहून घ्या.